पुन्हा तीच जांघ

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून चालताना यंत्रमागांचा खडखडाट तळपायांपर्यंत पोचतो. बीमवरून येणाऱ्या उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. त्यातली तार तुटली की माग थांबवावा लागतो, कामगार टोकं शोधून गाठ मारतो, मगच विणकाम पुढे सरकतं. योगासनं करणारे बरेच जण जांघेतल्या दुखापतीला एवढीही उसंत देत नाहीत.

मांडीच्या आतल्या बाजूला पाच स्नायूंचा जुडगा असतो. पाय मध्याकडे ओढून घेणं हे त्याचं काम. त्यातला ॲडक्टर लाँगस सगळ्यांत जास्त दुखावतो, कारण त्याचं वरचं टोक जघनास्थीवरच्या इवल्याशा जागेत रोवलेलं असतं. उपविष्ट कोणासनात पाय फाकवून पुढे वाकलं की ओढ नेमकी तिथे बसते. मांसल भागातली किरकोळ लचक काही आठवड्यांत निवते. हाडाजवळच्या कंडरेला रक्तपुरवठा कमी, तिला महिने लागतात. कळ थांबली म्हणजे जखम भरली असं समजून माणूस तळवे जुळवून बसायच्या बद्धकोणासनात पुन्हा गुडघे दाबू लागतो, आणि दुखणं परत येतं.

दुखावलेला स्नायू आखडल्यासारखा वाटतो, ताण दिला की घटकाभर बरं वाटतं. फसगत होते ती इथेच. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने मुख्यतः मज्जासंस्थेची ताण सोसण्याची तयारी वाढते. भार पेलायची ताकद त्याने येत नाही.

डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी जांघेच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेल्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले. एकाला मसाज, लेझर, स्ट्रेचिंग. दुसऱ्याला मांडीच्या आतल्या आणि पोटाच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला: न दुखता खेळाकडे परतलेले पहिल्या गटात चार, दुसऱ्या गटात २३.

अति ताणाची किंमत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी तरुणपणीच मोजली होती. म्हैसूरला गुरू कृष्णम्माचार्यांनी त्यांना पाहुण्यांसमोर हनुमानासन, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून बसणं, करायला सांगितलं. चड्डी फार घट्ट आहे, अशी सबब त्यांनी पुढे केली, तर गुरूंनी ती कात्रीने कापायला लावली. आसन झालं, पण मांडीमागचे स्नायू फाटले आणि चालणं दीर्घकाळ अवघड झालं. १९३७ मध्ये ते पुण्याला आले. पट्टे, दोर, घोंगड्या, लाकडी विटा यांचा आधार घेऊन आसन शिकवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर गेली.

ती वीट जांघेच्या दुखण्यात फार उपयोगाची. उताणं झोपून गुडघे वाकवायचे, मांड्यांमध्ये वीट किंवा उशी धरून सोसेल इतक्याच जोराने दाबायची. डेन्मार्कच्या व्यायामांत पायांमध्ये फुटबॉल धरून ३० सेकंद दाब, असं दहा वेळा होतं. हे जमू लागलं की कुशीवर झोपून खालचा पाय उचलायचा. बद्धकोणासन करायचंच तर गुडघ्यांखाली घोंगड्या हव्यात. खुब्याच्या हाडांची ठेवणच वेगळी असेल, तर काहींचे गुडघे जमिनीला कधीच टेकत नाहीत. अशा माणसाच्या मांड्यांवर वरून भार देणारा शिक्षक त्याला इजा करतो आहे, हे स्पष्ट सांगायला हवं.

जांघेत फुगवटा दिसला, रात्री ठणका लागला किंवा पायावर भार देववेना, तर हर्निया किंवा खुब्याच्या हाडाला तडा असू शकतो. तेव्हा व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर. एरवी व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहावा. जांघ कुरकुरली, तर त्या दिवशी विटेवरचा दाब निम्मा.