गुंठ्याचे भाव फलकावर, जमीन मात्र पडीक

भोंगवलीहून महामार्गाकडे निघालं, की बांधाबांधावर फलक दिसतात. 'फार्महाऊस प्लॉट', 'निसर्गाच्या कुशीत दुसरे घर'. पश्चिमेला भाटघर आणि नीरा-देवघरच्या पाणलोटाकडे, तसेच वेल्ह्यात पानशेतच्या बाजूला गेलं तर हे फलक आणखी दाट होतात. कोकणात समुद्रकिनारा विकतात, आपल्याकडे धरणाचं पाणी.

घेणारा एकच आहे, पुण्या-मुंबईचा नोकरदार, आणि त्याला दाखवायला माळ गावोगाव तयार. कांद्याचं जे होतं तेच इथं झालंय. शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी लावला आणि एकाच वेळी बाजारात आणला. फरक इतकाच, की कांदा सडतो म्हणून निदान विकावा तरी लागतो.

मग भाव उतरत का नाही? हिशेब मांडून पाहू. समजा, एक एकर, म्हणजे 40 गुंठे, एजंटाने 20 लाखांना ठरवले. रस्ते व मोकळी जागा यात 8 गुंठे गेले, उरले 32. गुंठ्याला 3 लाख धरले तर कागदावर 96 लाख होतात. पण दोन वर्षांत 6 गुंठेच विकले गेले, तर हाती 18 लाख, जमिनीचीही किंमत निघाली नाही. भाव कमी करावा तर आधी घेतलेले सहा जण दारात भांडायला येतील. म्हणून फलक तोच राहतो आणि शेतकऱ्याची उरलेली रक्कम लांबते.

इकडे शेजारचा शेतकरी 3 लाखाला 40 ने गुणतो अन् म्हणतो, ''साहेब, माझी जमीन एक कोट वीस लाखाची हाय, आता भुईमूग कशाला लावू?'' या उत्तरावर माझ्याकडची बियाण्याची माहिती संपते! दोन पावसाळे जमीन पडीक राहिली की ताली फुटतात, पाणी खालच्या वावरात घुसतं, हराळी माजते. ई-पीक पाहणीत पीक दिसत नाही, त्यामुळे नुकसानभरपाई आणि विमा मागताना अडचण येते.

माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी थोडा इसार घेऊन साठेखत केलं, वर कुलमुखत्यारपत्रही दिलं. एजंट पुन्हा फिरकला नाही. आता दुसरं गिऱ्हाईक आलं तरी वकील म्हणतो, आधी पहिला कागद मोडा. मुलीच्या लग्नासाठी जमीन काढली होती. लग्न सोसायटीच्या आणि पाहुण्यांच्या उसनवारीवर झालं. साठेखतात उरलेल्या पैशाची तारीख आणि ती चुकल्यास काय, हे लिहून घ्या. पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत कुलमुखत्यारपत्र देऊ नका.

मोठ्यांचीही हीच गत झाली आहे. वरसगावच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या लवासाला 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि 2018 मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीत गेलं. पैसे भरलेले घरमालक वर्षानुवर्षं ताटकळले. स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर 2008 नंतर बांधून तयार घरं गिऱ्हाइकाविना पडून राहिली.

खरा भाव फलकावर नसतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 पाहा. आपल्या गावात दस्त किती झाले आणि किती रकमेला, ते कळतं. दस्तात रक्कम कमीही दाखवतात हे खरं, पण दस्तांची संख्या तरी खोटं बोलत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एवढं तपासावं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. फलकावर क्रमांक आहे का? जमीन बिगरशेती झाली आहे का? नसेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. शिवाय 2023 च्या राजपत्रानुसार जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे, मग शेतीच्या सातबाऱ्यावर एकेक गुंठा कसा विकला जातो? वर्ग 2 आणि पुनर्वसनाच्या जमिनीला तर आधी परवानगी हवी. मोकळ्या प्लॉटचा मालक वर्षातून एकदा येतो आणि रस्ता-पाणी मात्र ग्रामपंचायतीकडे मागतो.

विकायचं त्यांनी जरूर विकावं. पण खरेदीखत होईपर्यंत वावर पेरतं ठेवावं. भोंगवलीच्या बाजूला ज्वारी-हरभरा आणि पश्चिमेला इंद्रायणी भात घेता येतो, आणि पिकातल्या जमिनीला पाहायला येणारं गिऱ्हाईकही जरा थांबून बोलतं.