मेडिकल टाकायला बी. फार्म. लागत नाही

गंगापूर रोडवरच्या मविप्र संस्थेच्या फार्मसी महाविद्यालयातून असो की नाशिकमधल्या आणखी कुठल्या, मुलगी बी. फार्म. झाली की पेढा तोंडात टाकता टाकता कुणीतरी काका विचारतातच: ‘मग, मेडिकल कधी टाकतेस?’ विचारणं प्रेमाचंच असतं. पण फार्मसी म्हणजे औषधाचं दुकान हा समज इतका पक्का बसलाय, की चार वर्षांत ही पोरं नेमकं काय शिकली हे कुणी विचारतच नाही.

आधी कायद्याचं बोलू. दुकानात औषध द्यायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि ती नोंदणी दोन वर्षांच्या डी. फार्म.वर होते. अभ्यासक्रम संपला की 500 तासांचं प्रशिक्षण असतं. निव्वळ मेडिकल टाकायचं असतं, तर आठ सेमिस्टर कुणी कशाला घासली असती?

मग शिकवतात काय? प्रयोगशाळेतली एकच चाचणी बघा. यंत्रात सहा नळ्यांची टोपली, नळीच्या तळाला जाळी, प्रत्येकीत एक गोळी. 37 अंशांच्या पाण्यात टोपली वरखाली होत राहते आणि विद्यार्थी घड्याळाकडे बघत उभे असतात. आवरण नसलेली साधी गोळी 15 मिनिटांत विरून जायला हवी. आतड्यात विरघळण्यासाठी बनवलेली एंटेरिक कोटेड गोळी मात्र आम्लात दोन तास जशीच्या तशी टिकली पाहिजे. नंतर द्रावण बदललं की तासाभरात विरली पाहिजे. ही चाचणी डोळ्यांनी पाहिलेला पदवीधर घरच्यांना ती गोळी कुटून मधात देऊ देत नाही. कुटली की आवरण गेलं, आणि औषध जठरातच मोकळं झालं.

हे बारीकसारीक वाटत असेल, तर 1986 आठवा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं द्रव्य होतं. दोन्ही द्रव्यं रंगहीन, दाट, गोडसर. बाटली हातात धरून फरक कळत नाही, तपासावंच लागतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. फार्मास्युटिकल अ‍ॅनालिसिस हा विषय अभ्यासक्रमात असतो तो ही तपासणी करता यावी म्हणून.

मग हे पदवीधर जातात कुठे? औषध कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी, संशोधन, नोंदणीची कागदपत्रं अशा विभागांत. नाशिककरांनी तर हा प्रश्न विचारूच नये. अंबडला ग्लॅक्सोचा कारखाना त्यांच्या गावातच आहे. औषध निरीक्षकाच्या पदासाठीही फार्मसीची पदवी चालते. औषध नियमावलीतला नियम 49 काढून बघावा.

आणि दुकानात बसणंही कमीपणाचं नाही. ‘सर्टिफिकेट भाड्याने दे, घरबसल्या पैसे मिळतील’ असा सल्ला पदवीधरांना सर्रास मिळतो. तो ऐकून संताप येतो. फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. भिंतीवर टांगलेली फ्रेम डोस तपासत नाही, आणि एकाच पेशंटला दोन डॉक्टरांनी तेच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहिलंय हेही तिला दिसत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. बारावीला बायोलॉजी नसेल तर बी. फार्म. नाही, हे चूक. गणितवाल्यांनाही प्रवेश मिळतो, त्यांना पहिल्या सेमिस्टरला जीवशास्त्राचा पूरक विषय असतो. फार्म. डी. म्हणजे बी. फार्म.चंच मोठं नाव, हेही चूक. 2008 मध्ये आलेला तो सहा वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ‘तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दे’ म्हटलं की फार्मासिस्टने द्यावी, असंही नाही. शेड्यूल एच, एच 1 आणि एक्समधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं देण्याची मुभा औषध नियमावलीतला नियम 65 त्याला देत नाही. एच 1 मधलं औषध घेताना नाव-पत्ता विचारला म्हणून काउंटरवर चिडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की त्या औषधांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ते तीन वर्षं जपून ठेवणं दुकानाला बंधनकारक आहे.