टपावर अँटेना, आत केबल

कोपर्निकस मार्गावरच्या दूरदर्शन भवनाची प्रक्षेपण-गाडी असो की वायरलेस बसवलेली जीप, टपाला पाडलेलं भोक ही सगळ्यात नाजूक जागा. आधी आतलं अस्तर उतरवून आडव्या पट्ट्या आणि दिव्याच्या वायरी कुठे आहेत ते बघावं. भोकाच्या आतल्या कडेचा रंग खरवडून उघडा पत्रा अँटेनेच्या बुडाला टेकवावा. टप हाच अँटेनेचा दुसरा अर्धा भाग असतो. १४५ मेगाहर्ट्झला पाव लहरीची अँटेना साधारण ५० सेंटिमीटरची. बाहेरून रबरी वायसर हवाच, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरतो. ५० ओहमची केबल चिमटली किंवा काटकोनात मुडपली की संदेशाची ताकद घटते. टपाला आधार देणाऱ्या खांबातून उतरवताना तिथे एअरबॅग असेल, तर केबल तिच्या मागूनच न्यावी, पुढून कधीच नाही.