सर्वश्रेष्ठ संघ कोणता? आधी मोजपट्टी ठरवा!

'या खोलीची लांबी जास्त की रुंदी?' असा वाद तुमच्या दोघा मित्रांत झाला तर तो पाच मिनिटांत मिटतो. टेप आणायची, मोजायचे, झाले! पण काही वाद वर्षानुवर्षे चालतात. वाद घालणारे अडाणी असतात म्हणून नव्हे, तर प्रत्येकाच्या हातात निराळी मोजपट्टी असते आणि ते कोणाच्याच ध्यानात येत नाही म्हणून.

अमेरिकेतल्या क्रीडाशौकिनांत असाच एक जुना वाद आहे. 'एका हंगामापुरता विचार केला, तर व्यावसायिक फुटबॉलमधील आजवरचा सर्वश्रेष्ठ संघ कोणता?' हा तो वाद. आपण त्यात थोडा वेळ सामील होऊ. हाताशी कागद-पेन्सिल मात्र ठेवा.

खेळाची तोंडओळख

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत 'सॉकर' म्हणतात. अमेरिकन फुटबॉल हा अगदी वेगळा खेळ आहे. त्यातला चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळता येते, सहकाऱ्याकडे फेकता येतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात आणि मैदानाची लांबी १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर असते. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. ते न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे पोचले की 'टचडाउन' होतो व ६ गुण मिळतात. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून धाडला की आणखी १ गुण. एरवी खेळ चालू असताना असाच चेंडू खांबांमधून धाडला तर त्याला 'फील्ड गोल' म्हणतात. त्याचे ३ गुण.

या खेळात धडकाधडकी इतकी असते की एक संघ साधारणपणे आठवड्याला एकच सामना खेळतो. म्हणून हंगामही छोटा. 'नॅशनल फुटबॉल लीग'मध्ये १९६१ पासून प्रत्येक संघाला १४ सामने असत. १९७८ पासून ते १६ झाले आणि २०२१ पासून १७. त्यानंतर निवडक संघांची बाद फेरी होते. तिच्या अंतिम सामन्याला आज 'सुपर बोल' म्हणतात. सामन्यांची ही लहान संख्या लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

चार उमेदवार

वादात अनेक संघांची नावे येतात. त्यांपैकी चार आपण घेऊ. कंसातले आकडे बाद फेरीपूर्वीच्या सामन्यांचे आहेत.

ग्रीन बे पॅकर्स, १९६२ (१३ विजय, १ पराभव, केलेले गुण ४१५, दिलेले गुण १४८).
मायामी डॉल्फिन्स, १९७२ (१४ विजय, ० पराभव, केलेले ३८५, दिलेले १७१).
शिकागो बेअर्स, १९८५ (१५ विजय, १ पराभव, केलेले ४५६, दिलेले १९८).
न्यू इंग्लंड पेट्रियट्स, २००७ (१६ विजय, ० पराभव, केलेले ५८९, दिलेले २७४).

आता एकेक मोजपट्टी लावू.

पहिली मोजपट्टी : पराभव किती? मायामीने बाद फेरीतले तिन्ही सामनेही जिंकले. एकूण १७ पैकी १७. न्यू इंग्लंड १८ सामने सलग जिंकून अंतिम सामन्यात हरले. या पट्टीवर पहिला नंबर मायामीचा.

दुसरी : दर सामन्यामागे गुणांचा फरक. केलेल्या गुणांतून दिलेले गुण वजा करा आणि सामन्यांच्या संख्येने भागा. मायामी १५.३, शिकागो १६.१, ग्रीन बे १९.१ आणि न्यू इंग्लंड १९.७. पहिला नंबर न्यू इंग्लंडचा!

तिसरी : गुणांचे गुणोत्तर. वजाबाकीऐवजी भागाकार करा. न्यू इंग्लंडने एक गुण देऊन २.१५ गुण मिळवले, मायामीने २.२५, शिकागोने २.३० आणि ग्रीन बेने २.८०. आता पहिला नंबर ग्रीन बेचा, आणि न्यू इंग्लंड चक्क शेवटी!

चौथी : बाद फेरी. इथे समोर हंगामातले निवडक संघ असतात. शिकागोने आपले तीन सामने २१–०, २४–० आणि ४६–१० असे जिंकले. एकूण ९१ विरुद्ध १०, म्हणजे सामन्यामागे २७ गुणांचा फरक. मायामीचे तीन निकाल २०–१४, २१–१७ व १४–७ असे होते. न्यू इंग्लंडचे ३१–२०, २१–१२ आणि शेवटी १४–१७. ग्रीन बेला एकच अंतिम सामना होता; तो त्यांनी १६–७ असा जिंकला. पहिला नंबर शिकागोचा.

पाहिलेत? संघ चार, मोजपट्ट्या चार आणि पहिले नंबरही चार! आकडे तेच, गणितात चूक नाही. तरी उत्तर दर वेळी बदलले. प्रत्येक संघाचा चाहता आपल्याला सोयीची पट्टी उचलतो आणि 'आकडे खोटे बोलत नाहीत' असे सांगतो. आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे. पण कोणता प्रश्न विचारायचा हे ते स्वतः ठरवत नाहीत.

समोर कोण होते?

मायामीच्या विरोधकांचा एक आवडता आक्षेप आहे : 'त्यांच्यासमोर दुबळे संघ होते.' तो तपासता येतो. १९७२ मध्ये मायामीने ज्या १४ सामन्यांत विजय मिळवला, त्या प्रत्येक सामन्यातील प्रतिस्पर्ध्याचा पूर्ण हंगामाचा ताळेबंद मांडून बेरीज केली (दोनदा भेटलेला संघ दोनदा धरला) तर ७० विजय, १२२ पराभव आणि ४ बरोबऱ्या होतात. बरोबरीला अर्धा विजय धरला तर विजयाचे प्रमाण सुमारे ३७ टक्के.

पण थांबा. या १२२ पराभवांत मायामीनेच केलेले पराभवही आले! एखाद्याला हरवायचे आणि मग 'तो हरतो, म्हणजे दुबळा' असे म्हणायचे, हा न्याय झाला नाही. असे २२ पराभव वगळले तर १०० उरतात आणि विजयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. शिवाय वेळापत्रक लीग ठरवते. संघाने समोर येईल त्याच्याशी खेळायचे असते. मायामीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचा प्रमुख खेळाडू, क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी, पाचव्याच सामन्यात पाय मोडून बाहेर पडला. ३८ वर्षांच्या अर्ल मॉरल याने त्याची जागा घेतली आणि विजयांची साखळी तुटू दिली नाही.

अ, ब, क आणि पुन्हा अ

'मग सरळ बघा ना, कोणी कोणाला हरवले!' असे तुम्ही म्हणाल. १९८५ चा हंगाम पाहा. शिकागोचा एकमेव पराभव मायामीने केला, ३८–२४ असा. पुढे बाद फेरीत न्यू इंग्लंडने मायामीला ३१–१४ असे हरवले. आणि अंतिम सामन्यात शिकागोने न्यू इंग्लंडचा ४६–१० असा धुव्वा उडवला. म्हणजे मायामी शिकागोपेक्षा सरस, न्यू इंग्लंड मायामीपेक्षा सरस आणि शिकागो न्यू इंग्लंडपेक्षा सरस. वर्तुळ पूर्ण!

उंचीच्या बाबतीत असे कधी घडत नाही. अ हा ब पेक्षा उंच आणि ब हा क पेक्षा उंच असेल, तर अ हा क पेक्षा उंच असतोच. गणितात याला संक्रामकता म्हणतात. 'हरवणे' या संबंधात मात्र संक्रामकता नाही. म्हणून एका सामन्याच्या निकालावरून संघांची उतरंड रचता येत नाही.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : एकही सामना न हरणारा संघ इतरांपेक्षा चांगला असलाच पाहिजे का? हा प्रयोग वर्गात करून पाहा.

एका पिशवीत सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या टाका. नऊंवर 'विजय' लिहा, एकीवर 'पराभव'. पिशवी हलवून न बघता एक चिठ्ठी काढा, नोंद करा, चिठ्ठी परत टाका. असे १७ वेळा करा. हा झाला तुमच्या संघाचा एक हंगाम. वर्गातल्या ३० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी असा एक हंगाम खेळायचा.

काय होईल? एका खेपेस 'विजय' येण्याची संभाव्यता ०.९ आहे. लागोपाठ दोनदा येण्याची ०.९ × ०.९ = ०.८१. तिसऱ्यांदा पुन्हा ०.९ ने गुणा. असे १७ वेळा केले तर उत्तर येते सुमारे ०.१६७, म्हणजे सहांत एक. तेव्हा ३० जणांपैकी साधारण पाच जणांचा हंगाम निष्कलंक निघेल. कधी तीन, कधी सात, पण पाचच्या आसपास.

ते पाच जण आनंदाने उड्या मारतील. पण सर्वांच्या पिशव्या तर एकसारख्याच होत्या! त्या पाच जणांचा 'संघ' उरलेल्या पंचवीस जणांच्या संघाहून तसूभरही सरस नव्हता. फरक होता तो योगायोगाचा.

खऱ्या सामन्यांत दर वेळी संभाव्यता सारखी नसते हे उघड आहे. तरी प्रयोगाचा धडा टिकतो. दहांपैकी नऊ सामने जिंकण्याची ताकद असलेला जबरदस्त संघही सहांतून पाच वेळा कुठे तरी हरणारच. सामने जितके थोडे, तितका योगायोगाचा वाटा मोठा. आणि पिशवीत आठ 'विजय' व दोन 'पराभव' असतील तर? निष्कलंक हंगामाची संभाव्यता ०.०२ च्या जवळ येते. म्हणजे ताकदीशिवाय चालत नाही; पण नुसत्या ताकदीवरही भागत नाही.

मैदानावर पाहा. फेब्रुवारी २००८ मधील सुपर बोलमध्ये अवघे ३५ सेकंद उरले असताना न्यूयॉर्क जायंट्सने टचडाउन केला आणि न्यू इंग्लंडचा निष्कलंक हंगाम १७–१४ अशा पराभवाने संपला. जानेवारी १९७३ मध्ये मायामी १४–० ने पुढे होते. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी फील्ड गोलसाठी लाथाडलेला चेंडू अडवला गेला, तो भलत्याच हातात पडला आणि प्रतिस्पर्धी वॉशिंग्टनला टचडाउन मिळाला : १४–७. मायामी थोडक्यात निभावले. लीगच्या इतिहासात बरोबरीसुद्धा न होता निष्कलंक राहून अंतिम सामन्यापर्यंत पोचलेले संघ चारच : १९३४ व १९४२ चे शिकागो, १९७२ चे मायामी, २००७ चे न्यू इंग्लंड. त्यांतले तीन शेवटच्या सामन्यात हरले!

एक प्रश्न नव्हे, दोन

तेव्हा 'सर्वश्रेष्ठ कोण?' या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडले आहेत. 'सर्वांत मोठा पराक्रम कोणी केला?' हा पहिला. त्याचे उत्तर नोंदवहीत मिळते, आणि त्यात नशिबाचा वाटा असला तरी चालतो; १७ पैकी १७ हा पराक्रम मायामीचाच. 'सर्वांत जास्त ताकद कोणात होती?' हा दुसरा. ताकद डोळ्यांना दिसत नाही, तिचा अंदाज बांधावा लागतो. त्यासाठी गुणांचा फरक, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, बाद फेरी असे सगळे पुरावे एकत्र पाहावे लागतात आणि उत्तराला 'बहुधा' हा शब्द जोडावा लागतो.

एका परीक्षेच्या गुणांवरून वर्गातला 'सर्वांत हुशार' ठरवतानाही हीच गफलत होते. पहिला नंबर हा त्या दिवसाचा पराक्रम. त्याचे कौतुक जरूर करावे. पण ९२ गुणांचा विद्यार्थी ९१ गुणांच्या विद्यार्थ्यापेक्षा हुशार आहे, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही.

आता तुमची पाळी. शाळेच्या आंतरवर्गीय कबड्डी स्पर्धेतला सर्वोत्तम संघ निवडण्यासाठी तीन मोजपट्ट्या ठरवा. त्या लिहून शिक्षकांकडे देऊन ठेवा, आणि हे काम पहिल्या सामन्याची शिट्टी वाजण्यापूर्वी करा. निकाल हाती आल्यावर निवडलेली मोजपट्टी बहुधा आपल्याच संघाच्या मापाची निघते!