चिकटवलेल्या सांगाड्याची गाडी

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात, हेथेल इथे, लोटस कंपनीने १९९६मध्ये ‘एलिस’ ही दोन आसनी गाडी बनवायला घेतली. इंजिन साधंच, १.८ लिटरचं, ११८ अश्वशक्तीचं. पण अख्ख्या गाडीचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास!

खरी कमाल आहे सांगाड्यात. अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग केलं, की उष्णतेने सांध्याजवळचा धातू कमजोर पडतो. ती कसर भरून काढायला भाग जाड घ्यावे लागतात. एलिसच्या अभियंत्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ भाग चक्क इपॉक्सीने चिकटवले. अशा सांध्यात ताण एका रेषेवर न एकवटता पूर्ण पृष्ठभागावर पसरतो, म्हणून भाग पातळ ठेवता आले. सांधा सोलला जाऊ नये यासाठी जोडीला थोडे स्क्रू. सांगाडा भरला जेमतेम ६८ किलो, म्हणजे एका माणसाइतका.

वजन घटलं की ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात, आणि वजन आणखी घटतं. पॉवर स्टिअरिंगही लागत नाही. रस्त्याची थरथर थेट तळहाताला कळते. मोटारी वर्षागणिक जड होत चालल्या असताना हा विचार मला फार मोलाचा वाटतो. एलिसचं उत्पादन २०२१मध्ये थांबलं.