वांग्यात लोह किती, तेल किती
चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या परिसरात रोडग्यांचं जेवण म्हटलं की वरणासोबत वांग्याची भाजी आलीच. शेजारच्या मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला हजारो भाविकांना वाढतात तो महाप्रसादही पुरी आणि वांग्याच्या भाजीचाच. इतक्या रोजच्या या भाजीला कुणी वातूळ म्हणून नाकारतं, तर कुणी तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवतं.

त्यातला सर्वांत घातक गैरसमज लोहाचा. चिरलेलं वांगं काळं पडतं, म्हणजे त्यात लोह भरपूर, असं सांगून अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला वांगी खायला घालतात. हा काळेपणा लोहाचा नाही. वांग्यात क्लोरोजेनिक आम्ल असतं. चिरल्यावर हवा लागली की वांग्यातलंच एक विकर त्यावर काम करतं आणि फोड काळपट होते. १०० ग्रॅम वांग्यात लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. प्रौढ स्त्रीसाठी आयसीएमआरने २०२० मध्ये दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांनी वांग्यावर विसंबू नये. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात.

मग वांग्यात आहे काय? सुमारे ९२ टक्के पाणी, १०० ग्रॅममागे साधारण २५ कॅलरी आणि ३ ग्रॅम तंतू. पोट भरतं, साखर झपाट्याने चढत नाही, म्हणून मधुमेहींच्या ताटात ते जरूर असावं. जांभळ्या सालीत नासुनिन हे रंगद्रव्य असतं, तेव्हा भाजीसाठी साल काढू नये.

पण वांग्याचा गर स्पंजासारखा तेल पितो. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, जवळजवळ अर्धा किलो वांग्यांइतक्या! भाजी खाऊन छातीत जळजळलं की दोष वांग्याला देतात. आधी वरच्या तेलाच्या तर्रीकडे आणि तिखटाकडे पाहावं. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या भरताला मुळात तेल लागतंच कमी, आणि माझ्या मते वांगं खाण्याची याहून चांगली रीत नाही.

वांग्याचा रस किंवा पाणी प्यायल्याने कोलेस्टेरॉल उतरतं, हाही प्रचार फिरतो. ब्राझीलमध्ये लोकांना वांग्याचा अर्क देऊन हे तपासलं गेलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रक्तातल्या चरबीत फरक पडला नाही. चालू गोळी बंद करून हा रस पिणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

बिया खाल्ल्याने मुतखडा होतो, हेही खरं नाही. खडा लघवीतल्या क्षारांचा बनतो, बियांचा नाही. पालकाच्या मानाने वांग्यात ऑक्झलेटही फार कमी. मात्र वांगं खाल्ल्यावर ज्यांच्या तोंडाला खाज सुटते किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांना खरोखरच त्याची ॲलर्जी असू शकते. त्यांना पंगतीत आग्रह करू नये.

आणि बाजारातलं किडकं वांगं बिनफवारणीचं समजून मुद्दाम उचलू नये. फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे फवारलेलं वांगंही किडकं निघू शकतं. वांगी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि मगच चिरावीत.