बंब येईपर्यंत...

मागच्या सेमिस्टरला रात्री साडेअकराला आमच्या विंगमध्ये जळका वास सुटला. एका रूममध्ये पाणी तापवायचा रॉड बादलीत तसाच चालू ठेवून आमचे साहेब शेजारी गप्पा मारायला गेले होते. पाणी आटलं, बादली वितळली आणि शेजारच्या गादीने पेट घेतला. कोणीतरी भिंतीवरचा लाल सिलिंडर काढून आणला, पण तो चालवायचा कसा हे जमलेल्या भावी इंजिनियर्सपैकी एकालाही माहीत नव्हतं! शेवटी वॉचमनकाकांनी मेन स्विच बंद केला आणि सिलिंडर मारून आग विझवली. गादीवरच निभावलं. त्यानंतर मी अग्निशमन दलाबद्दल वाचायला लागलो.

फायर ब्रिगेड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लाल बंब. पण आग विझवणं हा त्यांच्या कामाचा फक्त एक भाग. मुंबईचंच उदाहरण घ्या. इमारत कोसळली, झाड पडलं, पाणी तुंबलं, कोणी लिफ्टमध्ये अडकलं, अगदी मांजात पक्षी गुंतला तरी बोलावणं यांनाच. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरलेली आहे. मुंबईचं दल महापालिकेचं आहे. त्याचं मुख्यालय भायखळ्याला आहे.

या कामाची किंमतही मोठी आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. जवान पाणी मारत असतानाच चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण त्यात गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. मे २०१५ मध्ये काळबादेवीची जुनी इमारत आगीत कोसळली, तेव्हाही चार अधिकाऱ्यांचा बळी गेला. त्यात खुद्द दलाचे प्रमुख होते.

दलाचं तिसरं काम आपल्याला दिसतच नाही, ते म्हणजे आग लागूच नये हे बघणं. नव्या उंच इमारतीचे नकाशे तपासणं, ना-हरकत दाखला देणं, पाहणी करणं, नोटीस काढणं. पण महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, दलाची नव्हे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून दर जानेवारी आणि जुलैत तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे हॉस्टेलचा होज रील कोरडा निघाला तर बंबवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आणि मित्रांनो, काही गोष्टी तर कायद्याच्याही हातात नाहीत. जिन्यात सायकली आपण लावतो. मागच्या दाराला कुलूप 'सेफ्टी'साठी आपणच घालतो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण बाथरूमकडे आसऱ्याला गेले आणि धुरात गुदमरले. आगीच्या आधी धूर मारतो. म्हणून बाहेर पडायची वाट आधीच माहीत हवी.

बंब कितीही जोरात आला तरी रस्ता कापायला वेळ लागणारच. तोपर्यंतची मिनिटं आपली. तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- आधी आरडाओरडा करून सगळ्यांना उठवा. १०१ ला पूर्ण पत्ता, जवळची खूण, काय पेटलंय आणि कोणी अडकलंय का ते सांगा. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका.
- विजेच्या आगीवर पाणी नको. आधी मेन स्विच बंद.
- कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी अजिबात नको.
- सिलिंडरची पिन ओढा, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दांडी दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा.
- धूर असेल तर खाली वाकून चला, मागे दार लावून घ्या, लिफ्ट वापरू नका.
- आग आवरत नसेल तर हिरोगिरी नको, बाहेर पडा.

आज जेवून परत येताना आपल्या मजल्यावरच्या सिलिंडरपाशी दोन मिनिटं थांबा. त्यावरची तारीख वाचा. काटा असेल तर तो हिरव्यात आहे का बघा. नसेल तर रेक्टरसरांना सांगा, आणि काम होईपर्यंत सांगत राहा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल